रविवारचा धर्म आणि सोमवारचं काम : ल्यूथर, भिंगार आणि आपण



विषयाचं शीर्षक वाचून काहींच्या मनात आलं असेल, भिंगारात ल्यूथरचं काय काम? प्रश्न रास्त आहे. भिंगारचा इतिहास म्हटलं की निजामशाही आठवते. मलिक अहमदनं १४९० मध्ये बहामनी सैन्याचा पराभव केला तो याच परिसरात, आणि पुढे त्याचं नगर वसलं तेही या जुन्या गावाच्या शेजारीच. औरंगजेबानं १७०७ मध्ये शेवटचा श्वास इथंच घेतला. शेजारच्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात नेहरू, आझाद बंदिवान होते. या सगळ्यात सोळाव्या शतकातला एक जर्मन संन्यासी कुठून आला?

आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आपल्या जिल्ह्यातला प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाज हा ल्यूथरन परंपरेतला नाही. तो मुख्यतः अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून उभा राहिला. ते मिशन काँग्रिगेशनल पंथाचं, म्हणजे वंशावळ लावायची तर ल्यूथरपेक्षा कॅल्व्हिनच्या जवळचं. हे लोक १८१३ मध्ये मुंबईला आले आणि १८३१ मध्ये नगरला. पण आज मी ज्या विचाराबद्दल बोलणार आहे तो साऱ्या प्रॉटेस्टंट घराण्याचा समाईक वारसा आहे, आणि त्याचं मूळ ल्यूथरपाशी जातं.

शिवाय ल्यूथरन माणसं खुद्द इथं येऊन राहिलेली आहेत, फक्त स्वखुशीनं नव्हे. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश सरकारनं हिंदुस्थानातल्या जर्मन नागरिकांना पकडून अहमदनगरच्या छावणीत ठेवलं. त्यांत व्यापारी होते, खलाशी होते, आणि बऱ्याच मिशनऱ्यांनाही इथं आणलं होतं. छोटानागपूरचे गोस्नर मिशनचे लोक, मंगळूर-धारवाडकडचे बासेल मिशनचे लोक तारेच्या कुंपणाआड दिवस काढत होते. नंतर १९१५-१६ मध्ये त्यांच्यापैकी अनेकांना ‘गोलकोंडा’ जहाजातून परत पाठवलं. या कैद्यांकडे मी पुन्हा येणार आहे, कारण ल्यूथरच्या विचाराची एक मोठी परीक्षा त्यांच्या गैरहजेरीत झाली.

आधी विचार काय होता ते पाहू.

ल्यूथरच्या काळी ‘पाचारण’ हा शब्द संन्याशासाठी आणि धर्मगुरूसाठी राखलेला होता. देव बोलावतो ते मठात. शेतकरी, चांभार, सुईण, बाळंतीण हे सगळे आपलं जगतात, पण खरं धार्मिक जीवन म्हणजे मठातलं. समाजाचे असे दोन मजले होते, वर व्रतस्थ आणि खाली संसारी. ल्यूथर स्वतः १५०५ मध्ये मठात शिरला होता. उपास, जागरणं, कबुलीजबाब सगळं करून पाहिलं. समाधान मिळालं नाही. शेवटी बायबल वाचता वाचता त्याच्या लक्षात आलं की देवाची कृपा ही कमाई नाही, देणगी आहे.

आता तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला पुढची पायरी महत्त्वाची वाटते. कृपा जर फुकट मिळालेली असेल, तर माझ्या सत्कृत्यांची देवाला गरज उरत नाही. मग ती सत्कृत्यं जायची कुठं? ल्यूथरचं उत्तर सरळ आहे : शेजाऱ्याकडे. देवाला तुमच्या उपासाची भूक नाही, शेजाऱ्याला भाकरीची आहे. १५२० मधल्या ख्रिस्ती स्वातंत्र्यावरच्या पुस्तिकेत त्यानं हाच धागा मांडला. ख्रिस्ती माणूस श्रद्धेमुळे कुणाचाच दास नाही, आणि प्रेमामुळे सगळ्यांचा सेवक आहे.

हे मान्य केलं की मठाची वरची माडी आपोआप कोसळते. भांडी घासणारी बाई आणि प्रार्थना म्हणणारा बिशप देवासमोर एकाच जमिनीवर येतात. १५२२ मध्ये विवाहावर लिहिताना ल्यूथरनं बाळाची दुपटी धुणाऱ्या बापाचं उदाहरण घेतलं आहे. लोक त्याला हसतील, बाईलवेडा म्हणतील. पण तो श्रद्धेनं ते करत असेल तर देव त्याच्याकडे पाहून कौतुकानं हसतो, असा त्याचा आशय. १५२९ च्या ‘लहान प्रश्नोत्तरी’त प्रभूच्या प्रार्थनेतल्या रोजच्या भाकरीचा अर्थ सांगताना त्यानं अन्नाबरोबर कपडा, घर, गुरंढोरं, चांगलं सरकार, चांगला पाऊसपाणी आणि चांगले शेजारीसुद्धा मोजले आहेत. भाकरी ताटात येते तेव्हा तिच्यामागे नांगरणारा असतो, दळणारी असते, रस्ता सुरक्षित ठेवणारा शिपाई असतो. ही सगळी माणसं म्हणजे देवाचे मुखवटे, असं तो म्हणे.

इथं एक प्रसिद्ध गोष्ट बाजूला ठेवतो. ख्रिस्ती चांभारानं जोड्यांवर क्रूस काढू नयेत, चांगले जोडे करावेत, असं वाक्य ल्यूथरच्या नावावर सर्रास फिरतं. त्याच्या लेखनात ते सापडत नाही. वाक्य चांगलं आहे, पण उगाच कुणाच्या पदरी घालू नये.

आपल्या श्रोत्यांना एव्हाना दुसरी आठवण झाली असेल. इथून काही कोसांवर नेवाशाला १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. आपल्या वाट्याचं काम हीच देवाची पूजा, हा विचार त्यात अठराव्या अध्यायात किती सुंदर आला आहे. सावता माळ्यानं मळ्यातच विठ्ठल पाहिला. म्हणजे रोजच्या कामातला देव आपल्याकडे जर्मनीहून आयात करावा लागला नाही. आणि म्हणूनच या विचारातला धोकाही महाराष्ट्राइतका दुसरा कुणी ओळखत नसेल.

धोका कोणता? काम हीच पूजा म्हटलं की कुणीतरी पुढे येऊन म्हणतं, मग तुझ्या वाट्याचं काम तू करत राहा. परंपरा सांगते की चोखामेळा मंगळवेढ्याला कुसाचं काम करताना भिंतीखाली गाडला गेला. त्याची भक्ती थोर होती, त्याचं काम मात्र त्यानं निवडलेलं नव्हतं. त्याला ‘तुझं काम हीच तुझी पूजा’ असं सांगणं हे सांत्वन की फसवणूक?

ल्यूथरच्याही पुढे हा प्रश्न आला. पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात म्हटलं आहे की ज्यानं त्यानं पाचारण झालं त्या स्थितीत राहावं. मार्च १५२५ मध्ये जर्मन शेतकऱ्यांनी मेमिंगेन इथं बारा कलमं मांडली. त्यातलं तिसरं कलम असं की ख्रिस्तानं रक्त सांडून सगळ्यांना सोडवलं, तेव्हा आम्ही कुणाची वेठबिगार कुळं असू शकत नाही. ल्यूथरनं जमीनदारांना झापलं खरं, पण या कलमाला नकार दिला. ख्रिस्ती स्वातंत्र्य आत्म्याचं आहे, त्याला तुम्ही देहाचं करता, असं त्याचं म्हणणं. पुढे बंड पेटल्यावर त्यानं राजांना शेतकऱ्यांवर तलवार चालवायला सांगणारी जहाल पत्रिका लिहिली. हजारो माणसं मारली गेली. ल्यूथरवर प्रेम करणाऱ्यानंही हे पान उलटून पुढे जाऊ नये.

आता तीच कलमं नगर जिल्ह्यातल्या गावकुसाबाहेर वाचून पाहा. एकोणिसाव्या शतकात इथं जे ख्रिस्ती झाले त्यांत महार आणि मांग समाजातले लोक फार मोठ्या संख्येनं होते. महाराचं गावकाम जन्मानं ठरलेलं : वेशीची राखण, सरकारी टपाल-निरोप पोचवणं, हद्दीच्या तंट्यात साक्ष, मेलेली जनावरं ओढणं. बदल्यात बलुतं आणि वतनाची थोडी जमीन. काही कामं गावदेवीच्या जत्रेशी जोडलेली. असा माणूस बाप्तिस्मा घेतो. रविवारी तो देवाचा लेक आहे, भाकरी आणि प्याला सगळ्यांबरोबर घेतो. सोमवारी पाटलाचा माणूस हाक मारतो. ही कुणाची हाक? त्यानं काय करायचं? जत्रेतलं काम श्रद्धेमुळे सोडायचं, तर बलुतं जातं. बलुतं ठेवायचं, तर मेलेलं जनावर ओढायचं. रोजच्या आयुष्यात श्रद्धा जगणं म्हणजे काय, हा प्रश्न त्याच्यासाठी ताटातल्या भाकरीचा होता.

माझ्या मते ल्यूथरच्याच विचारात याचं उत्तर आहे, त्यानं स्वतः ते १५२५ मध्ये वापरलं नाही एवढंच. दोन गोष्टी पाहा. एक, ल्यूथर सगळ्याच धंद्यांना पाचारण मानत नव्हता. दरोडा, सावकारी व्याजखोरी यांना त्यानं यादीतून वगळलं, कारण त्यात शेजाऱ्याचं भलं नाही. म्हणजे कसोटी धंदा परंपरेचा आहे का ही नाही. शेजाऱ्याचं भलं होतं का, ही आहे. शेजारी म्हटल्यावर त्यात काम करणाराही आला. ज्या व्यवस्थेत एकाचं काम होतं आणि दुसऱ्याचं माणूसपण जातं ती या कसोटीला उतरत नाही. दुसरं, ‘आहात तिथं राहा’ हा नियम ल्यूथरनं स्वतः पाळलेला नाही. तो मठातून बाहेर पडला, १५२५ मध्ये कॅथरीना फॉन बोरा या माजी जोगिणीशी लग्न करून संसाराला लागला. आपल्या स्थितीतून उठून जाणं हेही पाचारण असू शकतं, याचा पुरावा तो स्वतःच आहे.

डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचं विधेयक आणलं तेव्हा त्यांनी आधार ल्यूथरचा घेतला नव्हता. ही वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं. पण तो लढा म्हणजे जन्मानं लादलेलं काम आणि माणसानं स्वीकारलेलं काम यांतला फरक कायद्यात उतरवणंच होतं.

मिशनांनी स्वतः काय केलं? शाळा काढल्या. मुलींनाही शिकवा, हे ल्यूथरनं १५२४ मध्ये नगरपालांना लिहिलेल्या पत्रात सांगितलं होतं. नगरला सिंथिया फरार बाईंनी १८३९ पासून मुलींच्या शाळा चालवल्या. त्या पाहून आपल्याला पुण्यात शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, असं जोतीराव फुल्यांचं निवेदन १८५३ मध्ये ‘ज्ञानोदया’त आलं आहे. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. शेजाऱ्याची सेवा त्यामुळे वाया गेली का? ल्यूथरच्या हिशेबानं मुळीच नाही.

दुसरं, कामं दिली. नगरला औद्योगिक शाळा निघाली, चर्चिल नावाच्या मिशनरी अभियंत्यानं हातमाग सुधारला. बासेल मिशननं मंगळूरला विणकाम आणि कौलांचे कारखाने काढले, कारण धर्मांतरामुळे जातीनं टाकलेल्या माणसाला पोट होतं. आपण ज्यांना मंगलोरी कौलं म्हणतो ती तिथली. खाकी रंगही त्यांच्याच विणकामाच्या कारखान्यात तयार झाला असं सांगतात. छावणीच्या गावाला खाकीची ओळख वेगळी करून द्यायला नको. यातही एक गाठ होती. पाळक आणि मालक एकच झाला की मजुरानं तक्रार कुणाकडे करायची? जुन्या पाटलाच्या जागी नवा पाटील येऊ शकतो.

आता त्या तारेआडच्या कैद्यांकडे येऊ. छोटानागपूरमधले गोस्नर मिशनचे जर्मन गेले. मंडळ्या उघड्या पडल्या. ‘प्रत्येक विश्वासणारा याजक आहे’ हे ल्यूथरचं वाक्य इतके दिवस गोरे पाळक शिकवत होते. आता ते गेल्यावर ते खरं आहे का, हे पाहायची वेळ आली. उराँव, मुंडा शेतकऱ्यांनी, त्यांच्या शिक्षकांनी, देशी पाळकांनी काम चालू ठेवलं आणि १० जुलै १९१९ रोजी आपलं चर्च स्वायत्त म्हणून जाहीर केलं. कुणी कितीही प्रवचनं दिली असती तरी एवढी खात्री पटली नसती.

आपल्याकडे हीच गोष्ट एका स्वयंपाकघरात घडली. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि नगरच्या धर्मशिक्षण शाळेत शिकवू लागले. लक्ष्मीबाई पाच वर्षांनी ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचलं त्यांना माहीत आहे, त्यात सिद्धांत फार थोडा आहे. त्यात चूल आहे, पाणी आहे, सोवळं कसं सुटत गेलं ते आहे, कुणाची तरी पोरं घरात आणून वाढवणं आहे. माझ्या दृष्टीनं महाराष्ट्रातलं रोजच्या श्रद्धेचं हे सगळ्यात मोलाचं पुस्तक आहे, आणि ते एका पाळकाच्या नव्हे तर गृहिणीच्या हातचं आहे.

समारोप करतो. आज बलुतं नाही. पण रात्रपाळीचा पहारेकरी आहे, गटारात उतरणारा माणूस आहे, दुसऱ्याची धुणीभांडी करून स्वतःच्या मुलीची फी भरणारी बाई आहे. त्यांना ‘काम हीच पूजा’ असं सांगण्याचा अधिकार मला नाही. तो अधिकार ज्याचं काम आहे त्याचा. मला अधिकार आहे तो माझ्या कामाला प्रश्न विचारण्याचा : हे कुणाच्या उपयोगी पडतं? यात कुणाची मान खाली जाते? आणि ज्याच्या कष्टावर माझी भाकरी येते त्याला मी शेजारी मानतो की नोकर? ख्रिस्ती असा, वारकरी असा, काहीच नसा, हे तीन प्रश्न सोमवारी सकाळी कामाला निघताना विचारता येतात.

 आता तुमचे प्रश्न घेऊ.