धोटा, गाठ आणि मणी

इतिहास म्हटला की तख्ते, तह आणि तलवारी आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. दोन-अडीच इंचांच्या एका धोट्याला त्यात जागा मिळत नाही. परंतु माणसाच्या बोटांनी जे जे कमावले, त्याचाही इतिहास असतो, आणि तो बहुधा स्त्रियांचा असतो. म्हणून आज आम्ही टॅटिंगची लेस व तीत मणी ओवून केलेले दागिने हा विषय घेतला आहे. आईच्या किंवा मावशीच्या ट्रंकेतला टॅटिंगच्या कडेचा रुमाल ज्यांनी पाहिला असेल, त्यांना तो अगदीच परका वाटणार नाही.

प्रथम नावांकडे पाहू. फ्रेंच लोक या कामाला 'फ्रिव्होलिते' म्हणतात. त्याचा अर्थ थिल्लरपणा. इटालियन लोकांचा 'क्याक्येरिनो' हा शब्द गप्पा मारण्यावरून आला आहे. तुर्की व फिनिश भाषांत मात्र धोट्यावरूनच सरळ नाव पडले. पहिल्या दोघांनी या कलेला नाव दिले असे म्हणण्यापेक्षा नावे ठेवली असेच म्हणावे लागेल! रिकामपणाचा चाळा, हा तो आक्षेप. तो कितपत खरा, हेच आपल्याला तपासावयाचे आहे.

आक्षेपाला आधार नाही असे नाही. पंधराव्या लुईची कन्या मादाम अदेलाईद हिचे 1756 मधील एक चित्र आहे. चित्रकार नातिए याने तिला हातात धोटा घेऊन गाठी मारताना रंगविले आहे. परंतु ती लेस नव्हे. त्या काळी दोऱ्यावर ओळीने गाठी मारीत आणि तो गाठाळ दोरा कापडावर टाकून शिवीत. टॅटिंगचा उगम बहुधा त्याच सवयीत असावा. एकोणिसाव्या शतकात या गाठींची कडी झाली. आरंभी प्रत्येक कडे सुटे करून मग सुईने जोडावे लागे. 1850 मध्ये एलेओनोर रिएगो या लेखिकेने आपल्या पुस्तकात कड्यांवर ठेवलेल्या फासांतून जोडणी करण्याची रीत सांगितली. या फासांना 'पिको' म्हणतात. साडीला आपण पिको करून घेतो, तो शब्द हाच. पुढच्याच वर्षी एका लहानशा पुस्तिकेत सुईवाचून, धोट्याच्याच दोऱ्याने सांधण्याची युक्ती छापली गेली. 1860 नंतरच्या दशकात दुसरा दोरा आला व कड्यांमध्ये कमानी घालता येऊ लागल्या. आजची टॅटिंग ती हीच.

आता आक्षेपाचे उत्तर. 1845 साली आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडला. त्यानंतरच्या दुष्काळात उपासमारीने व साथींनी सुमारे दहा लक्ष माणसे मेली. शेतीने दगा दिलेल्या त्या घरांतून मुलीबाळींना लेस करावयास शिकविण्यात आले. लाऊथ परगण्यातील आर्डी गाव टॅटिंगसाठी ओळखले जाऊ लागले. दरबारात जो चाळा होता, तोच येथे भाकरी झाला. पुढे रुमानियाची राणी एलिझाबेथ, जी कार्मेन सिल्वा या नावाने लिहीत असे, या कलेची मोठी चाहती निघाली व तिने आपल्या कामात मोती गुंफले. लेडी होअर यांच्या 1910 च्या टॅटिंगवरील पुस्तकाला तिची प्रस्तावना आहे. राणीचे नाव मुखपृष्ठावर आले. आर्डीच्या पोरींची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. गाठ मात्र दोघींची एकच.

ती गाठ कशी पडते? डाव्या हाताच्या बोटांभोवती दोऱ्याचा वेढा घ्यावयाचा आणि त्यावर धोट्याने एक अर्धी गाठ खालून, दुसरी वरून टाकावयाची. येथेच नवशिक्या अडतात. धोट्याचा दोरा वेढ्याभोवती आवळला जातो, गाठ जागीच बसते आणि कडे काही केल्या मिटत नाही. खरी खुबी अशी की, डाव्या हाताची बोटे क्षणभर सैल सोडून धोट्याचा दोरा ताणावयाचा. मग गाठ उलटते, वेढ्याचा दोरा धोट्याच्या दोऱ्याला मिठी मारतो, आणि सगळ्या गाठी त्यावरून सरकू लागतात. पुस्तकात हे एका वाक्यात येते; हाताला ते कळण्यास कित्येक दिवस लागतात. शेजारी बसून कोणी दाखविले, तर एका बैठकीतही कळते.

मणी आले की आणखी एक शिस्त येते. एका धोट्याच्या कामात मणी आधी ओवून मगच दोरा धोट्यावर गुंडाळावा लागतो. ज्या कड्याच्या फासांवर ते दिसावयाचे, त्या कड्याची पहिली गाठ मारण्यापूर्वी तेवढे मोजून हातावरच्या वेढ्यात घ्यावे लागतात. दोन कड्यांमधले मणी धोट्याकडेच राहतात. एक मणी मोजावयाचा राहिला, तर तो मागाहून त्या दोऱ्यावर चढविता येत नाही. आणि मिटलेले कडे उकलणे महाकठीण. आपल्याकडे दागिने गाठविणारे पटवेकरी हे दुखणे ओळखतात: कोणता मणी कुठे, हे त्यांनाही आधी ठरवावे लागते.

ज्या कामात पुढचा हिशेब आधी करावा लागतो आणि चूक सहसा पुसता येत नाही, त्याला थिल्लर कसे म्हणावे? या लेसची एक गाठ तुटली तरी विणकामासारखे सगळे उसवत जात नाही. शेजारची कडी आपापल्या जागी घट्ट राहतात. ट्रंकेतला तो रुमाल जुना झाला असला, तरी टाकू नका. तो करणारी घरात असेल, तर धोटा आणून तिच्याशेजारी बसा, आणि गाठ कशी उलटते ते तिच्या हाताकडे पाहून शिका.