लिनक्सवरील कचरापेटी : चुकून पुसलेली फाईल परत मिळवण्याची सोय

संगणकावरील फाईल पुसली म्हणजे ती तत्क्षणी नष्ट होते, असे नाही. बहुतेक फाईल मॅनेजर ती आधी कचरापेटीत, म्हणजेच ट्रॅशमध्ये हलवतात. पेटी रिकामी होईपर्यंत ती परत मिळू शकते. ‘एक-चौदा’च्या उताऱ्याची स्कॅन केलेली प्रत किंवा लग्नाची छायाचित्रे चुकून पुसली गेली की या सोयीचे मोल कळते. लिनक्सवर मात्र ही पेटी चालू आहे की नाही, हे आधीच पाहून घेणे हिताचे.

सी-डॅकने डेबियनच्या आधारे विकसित केलेल्या ‘बॉस’ या भारतीय प्रणालीत मराठी व कोकणीचीही सोय आहे. तिच्यासह उबंटू, मिंट यांसारख्या प्रमुख प्रणालींत कचरापेटी तयारच मिळते. अडचण येते ती जुन्या संगणकांवर बसवलेल्या हलक्या प्रणालींत.

पेटीची रचना

प्रत्येक वापरकर्त्याची पेटी त्याच्या होम फोल्डरमधील एका लपवलेल्या फोल्डरात असते. तिचे मुख्य कप्पे दोन. ‘फाईल्स’ या कप्प्यात पुसलेल्या फाईल राहतात, तर ‘इन्फो’मध्ये प्रत्येक फाईलची मूळ जागा आणि पुसल्याची तारीख-वेळ नोंदलेली असते. या नोंदीमुळेच ‘रिस्टोअर’ म्हणताच फाईल जुन्या जागी परतते. म्हणून ‘ट्रॅश’ नावाचे साधे फोल्डर आपण स्वतः तयार केल्याने कचरापेटी होत नाही.

पेटी कशी चालू करावी?

थुनार किंवा पीसीमॅनएफएम या फाईल मॅनेजरमध्ये डाव्या पट्टीवर कचरापेटी दिसत नसेल, तर बहुधा ‘जीव्हीएफएस’ हे पॅकेज बसवलेले नसते. ते सॉफ्टवेअर केंद्रातून बसवावे आणि लॉगआऊट करून पुन्हा लॉगिन करावे. पीसीमॅनएफएममध्ये एडिट मेनूतील प्रेफरन्सेस उघडून, पुसलेल्या फाईल कचरापेटीत हलवण्याच्या पर्यायावर खूण आहे का, हेही पाहावे. एक्सएफसीई असलेल्या संगणकावर पेटीचे चिन्ह डेस्कटॉप सेटिंग्जमधील आयकॉन्स विभागातून पडद्यावर आणता येते.

पेन ड्राइव्हचा घोळ

पेन ड्राइव्हवरील फाईल पुसूनही जागा मोकळी होत नाही, असा अनुभव अनेकांना येतो. त्या ड्राइव्हवरच ‘डॉट ट्रॅश’ने सुरू होणारे लपवलेले फोल्डर तयार होते आणि पुसलेल्या फाईल तेथेच साठतात. ड्राइव्ह जोडलेला असतानाच कचरापेटी रिकामी करावी. खासगी कागदपत्रे असलेला ड्राइव्ह दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी तर हे विसरू नये.

पेटी कधी वाचवत नाही?

शिफ्ट आणि डिलीट ही बटणे एकत्र दाबल्यास फाईल पेटीत न जाता थेट पुसली जाते. टर्मिनलमधील ‘आरएम’ आज्ञाही पेटीला वळसा घालते. टर्मिनल नियमित वापरणाऱ्यांनी ‘ट्रॅश-सीएलआय’ हे साधन बसवावे. त्यातील आज्ञांनी फाईल पेटीत टाकता, शोधता व परत आणता येते. नेटवर्कवरील सामायिक फोल्डरांत पेटीची सोय बहुधा नसते. अशा वेळी ‘कायमची पुसायची का?’ असा प्रश्न पडद्यावर येतो. तो न वाचता ‘होय’ म्हणू नये.

नोममध्ये सेटिंग्जमधील प्रायव्हसी विभागातून, तर केडीईच्या डॉल्फिनमध्ये त्याच्याच सेटिंग्जमधून ठरावीक दिवसांनी जुन्या फाईल आपोआप काढून टाकण्याची व्यवस्था करता येते. घरातील संगणकासाठी ३० दिवसांची मुदत सोयीची ठरते.

सर्व झाल्यावर एक बिनमहत्त्वाची फाईल तयार करून पुसावी आणि ती पेटीतून परत आणून पाहावी. ती मूळ जागी आली, तर पेटी नीट चालू आहे. मात्र कचरापेटी चुकीपासून वाचवते, हार्ड डिस्क बिघडल्यास नाही. महत्त्वाच्या कागदपत्रांची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवणे अनिवार्यच आहे.