पाळणा आणि पाटी : नैरोबीच्या बायकांची गोष्ट

आपल्या बचत गटासारखेच गट आफ्रिकेतल्या केनिया देशातही आहेत. तिथे त्यांना ‘चामा’ म्हणतात. आज आम्ही त्या देशाच्या राजधानीची, नैरोबीची गोष्ट सांगणार आहोत. घरात मुलं किती, आणि ते ठरवतं कोण, याची ही गोष्ट.

नैरोबी वसलं १८९९ मध्ये, रेल्वेचा तळ म्हणून. रूळ टाकायला इंग्रजांनी हिंदुस्थानातून हजारो मजूर नेले होते. सुरुवातीला हे शहर पुरुषांचंच. आफ्रिकी माणसाने तिथे मजुरीला यायचं आणि बाईने गावी शेती-पोरं सांभाळायची, अशी राज्यकर्त्यांची रीत. १९६३ मध्ये देश स्वतंत्र झाला. त्यानंतर बायकाही मोठ्या संख्येने शहरात आल्या. किकुयू, लुओ, लुह्या, कांबा, सोमाली, अशा कितीतरी समाजांच्या.

प्रत्येकीसोबत तिची रीतही आली. किकुयू समाजात पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव ठेवतात, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. मुलींचंही तसंच. म्हणजे चारही आजी-आजोबांची नावं चालवायची तर दोन मुलगे, दोन मुली हव्यातच. दोनांवर थांबणाऱ्या बाईला वाटणारच ना, की माझ्या आईचं नाव मग कोण चालवणार?

पण गंमत बघा. २०१४ च्या सरकारी पाहणीत किकुयूंच्या मध्य भागात एका बाईला सरासरी मुलं होती २.८. नैरोबीत २.७. आणि सोमाली वस्तीच्या ईशान्य भागात ६.४. रीत चार मुलं मागते, तरी तिथे पाळणा लवकर थांबला. हे कसं झालं?

पुष्कळजण म्हणतील, ‘तो समाजच तसा.’ आम्हीही आधी तसंच म्हणालो असतो. पण इतिहास पाहिला की दुसरंच दिसतं. किकुयूंचा मुलूख नैरोबीला लागून. तिथे मिशनच्या शाळा लवकर निघाल्या, पुढे लोकांनी स्वतःच्याही काढल्या. उत्तरेकडचा सोमाली मुलूख मात्र इंग्रजांनी परवान्याशिवाय बंद ठेवला. स्वातंत्र्यानंतरही तिथे बंड आणि आणीबाणी. शाळा फार थोड्या. धर्म, गुराढोरांमागची भटकंती, लवकर होणारी लग्नं, हीदेखील कारणं आहेतच. पण त्याच २०१४ च्या पाहणीत देशभरातल्या न शिकलेल्या बाईला सरासरी ६.५ मुलं होती, आणि हायस्कूल किंवा त्यापुढे शिकलेलीला ३.

शाळा हे कसं घडवते? मुलगी वर्गात असते तोवर तिचं लग्न लांबतं. दवाखान्यातला कागद तिला वाचता येतो. बाळ जगेल असा भरवसा वाटला, की ‘दोन गेली तर दोन उरतील’ हा हिशेब सुटतो. आणि शहरात तर प्रत्येक लेकराची फी, खोलीचं भाडं मोजावंच लागतं.

वांगारी माथाई यांचंच बघा. त्या किकुयू, १९४० मध्ये न्येरी भागात जन्मलेल्या, सहा भावंडांतल्या तिसऱ्या. ही शाळेत का जात नाही, असं मोठ्या भावाने विचारलं आणि आईने तिला शाळेत घातलं. १९७१ मध्ये त्या नैरोबी विद्यापीठाच्या डॉक्टर झाल्या. पूर्व आणि मध्य आफ्रिकेत हा मान मिळवणारी ती पहिली बाई. त्यांना मुलं तीन. पुढे बायकांना घेऊन त्यांनी लाखो झाडं लावली आणि २००४ मध्ये शांततेचं नोबेल मिळवलं.

१९७० च्या दशकाच्या शेवटी केनियात एका बाईला सरासरी आठ मुलं होती. २०२२ मध्ये ३.४. समाज तेच राहिले, मुलींच्या हातात पाटी आली.

म्हणून मैत्रिणींनो, ‘अमक्या समाजाला पोरं फार’ असं कुणी म्हणालं, तर एवढंच विचारा : त्यांच्या मुलींपर्यंत शाळा कधी पोचली? आणि गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्यासोबत हेही मोजू या, की आपल्या गावातल्या किती मुलींची शाळा मधेच सुटली, आणि कशामुळे.