दीर्घकालीन प्रशिक्षकाचे मूल्यमापन : जेरी स्लोन आणि युटा जॅझ (१९८८–२०११) – एक ऐतिहासिक अभ्यास

१. प्रस्तावना

एखाद्या संस्थेचे नेतृत्व दीर्घकाळ एकाच व्यक्तीकडे राहिले, की त्या व्यक्तीविषयी दोन परस्परविरोधी मते मांडली जाऊ लागतात. इतकी वर्षे टिकून राहणे हाच कर्तृत्वाचा पुरावा होय, असे एक मत. इतकी वर्षे झाली, आता बदल हवा, असे दुसरे. दोन्ही मतांत मूल्यमापनाचा आधार कार्य नसून कालावधी हा आहे. व्यावसायिक क्रीडाक्षेत्रात हा प्रश्न विशेष ठळकपणे समोर येतो, कारण तेथे दर हंगामाच्या अखेरीस जय-पराजयाचा हिशेब सर्वांसमोर असतो आणि प्रशिक्षकाला पदावरून दूर करणे हा संघमालकांच्या हाती असलेला सर्वांत सोपा उपाय असतो.

अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन (यापुढे एन.बी.ए.) या व्यावसायिक संघटनेच्या इतिहासात जेरी स्लोन यांचे उदाहरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे. डिसेंबर १९८८ ते फेब्रुवारी २०११ या काळात ते सॉल्ट लेक सिटी येथील युटा जॅझ या संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. याच काळात एन.बी.ए.मधील इतर संघांनी मिळून दोनशेहून अधिक वेळा प्रशिक्षक बदलले. स्लोन यांना मात्र एकदाही विजेतेपद मिळाले नाही. अशा प्रशिक्षकाला बदलावयास हवे होते काय, आणि हवे असल्यास केव्हा, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे

(अ) प्रशिक्षकाच्या मूल्यमापनासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रचलित निकषांची चिकित्सा करणे.
(ब) स्लोन यांच्या कारकिर्दीतील निर्णायक टप्प्यांवर हे निकष तपासून पाहणे.
(क) ‘बदल केला असता तर’ या प्रश्नाचे उत्तर इतिहासाच्या आधारे कितपत देता येते, याचा विचार करणे.

३. पार्श्वभूमी

स्लोन यांचा जन्म २८ मार्च १९४२ रोजी इलिनॉय राज्यातील मॅक्लीन्सबरो या लहानशा गावी झाला. खेळाडू म्हणून त्यांची बहुतेक कारकीर्द (१९६६–१९७६) शिकागो बुल्स या संघात गेली आणि कठोर बचाव करणारा खेळाडू असा त्यांचा लौकिक झाला. १९७९ मध्ये त्याच संघाने त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. पहिल्या हंगामात ३० विजय व ५२ पराभव, दुसऱ्या हंगामात ४५ विजय व ३७ पराभव आणि बाद फेरीत प्रवेश, तर तिसऱ्या हंगामाच्या मध्यास १९ विजय व ३२ पराभव असताना, फेब्रुवारी १९८२ मध्ये, पदच्युती असा या कारकिर्दीचा आलेख आहे. या पदच्युतीकडे पुढे पुन्हा वळावे लागेल, कारण शिकागोत अडीच हंगामांत नाकारला गेलेला आणि युटामध्ये तेवीस हंगाम टिकलेला प्रशिक्षक एकच होता.

युटा जॅझ हा संघ १९७९ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथून सॉल्ट लेक सिटीत आला. मोटारविक्रीच्या व्यवसायातील लॅरी मिलर यांनी १९८५ मध्ये संघाची निम्मी व १९८६ मध्ये संपूर्ण मालकी घेतली. ९ डिसेंबर १९८८ रोजी फ्रँक लेडन यांनी प्रशिक्षकपद सोडले, तेव्हा त्यांचे सहायक असलेले स्लोन त्यांच्या जागी आले. जॉन स्टॉकटन (१९८४ पासून) आणि कार्ल मलोन (१९८५ पासून) हे दोन श्रेष्ठ खेळाडू त्याआधीच संघात होते. ही बाब महत्त्वाची आहे. स्लोन यांना जे यश लाभले त्याचा पाया त्यांनी स्वतः घातलेला नव्हता.

४. प्रचलित निकष आणि त्यांच्या मर्यादा

४.१ एकूण विजयसंख्या : युटामध्ये स्लोन यांनी नियमित हंगामांत १,१२७ सामने जिंकले व ६८२ गमावले. हे प्रमाण सुमारे ६२ टक्के भरते. परंतु ही संख्या प्रशिक्षकाची की खेळाडूंची, हे तिच्यावरून ठरत नाही. स्टॉकटन व मलोन यांच्यासारखी जोडी लाभली असता दुसराही प्रशिक्षक असेच यश मिळवू शकला असता, हा आक्षेप केवळ विजयसंख्या पुढे करून खोडता येत नाही.

४.२ बाद फेरीतील कामगिरी : स्लोन यांच्या कारकिर्दीत युटाने १९ वेळा बाद फेरी गाठली. तीत संघाचे ९६ विजय व १०० पराभव झाले. सकृद्दर्शनी हे अपयश वाटते. तथापि एन.बी.ए.ची बाद फेरी एकेका सामन्याची नसून मालिकांची असते, आणि एक विजेता वगळता प्रत्येक संघाची वाटचाल मालिका गमावूनच संपते. जो संघ दरवर्षी पात्र ठरतो, त्याच्या खाती दरवर्षी असा एक पराभव जमा होतो. जो पात्रच ठरत नाही, त्याची पाटी कोरी राहते. त्यामुळे हा निकष सातत्याला प्रतिकूल ठरतो.

४.३ विजेतेपद : १९९७ व १९९८ या दोन्ही वर्षी युटा अंतिम मालिकेत पोहोचला आणि दोन्ही वेळा शिकागो बुल्सकडून ४–२ असा पराभूत झाला. १४ जून १९९८ रोजी सॉल्ट लेक सिटीत झालेल्या सहाव्या सामन्यात मायकेल जॉर्डन यांनी अखेरच्या क्षणांत केलेल्या बास्केटमुळे युटाने तो ८६–८७ असा गमावला. एका गुणाच्या या अंतरावर प्रशिक्षकाची पात्रता ठरवणे इतिहासदृष्ट्या समर्थनीय नाही. जॉर्डन यांच्या काळात अनेक उत्तम संघ विजेतेपदाविना राहिले.

५. निर्णायक टप्पे

५.१ १९९५ : स्लोन यांच्या पहिल्याच हंगामात ५१ सामने जिंकलेला संघ बाद फेरीच्या प्रारंभीच गोल्डन स्टेटकडून ०–३ असा हरला होता. १९९४–९५ च्या हंगामात युटाने ८२ पैकी ६० सामने जिंकले. तरीही पहिल्याच फेरीत ह्यूस्टनने त्याला ३–२ असे नमवले. नेतृत्वाची सहा वर्षे उलटली होती आणि अंतिम मालिका एकदाही गाठता आली नव्हती. बदलाची मागणी करण्यास याहून अनुकूल क्षण क्वचितच आला असता. मात्र पराभव कोणाकडून झाला हे पाहिले असता चित्र बदलते. त्या वर्षीचे विजेतेपद ह्यूस्टननेच मिळवले. मिलर यांनी प्रशिक्षक कायम ठेवला आणि पुढील तीन वर्षांत संघ एकदा विभागीय अंतिम मालिकेत व दोनदा एन.बी.ए.च्या अंतिम मालिकेत पोहोचला.

५.२ २००३ ते २००५ : २००३ मध्ये स्टॉकटन निवृत्त झाले आणि मलोन लॉस एंजलिस लेकर्स संघात गेले. ज्या आक्षेपाचा उल्लेख वर (४.१) केला, त्याची परीक्षा घेण्याची संधी यामुळे आपोआप निर्माण झाली. खेळाडू गेले, प्रशिक्षक राहिला. हंगामापूर्वी हा संघ अत्यंत दुर्बळ मानला जात होता. प्रत्यक्षात २००३–०४ मध्ये युटाने ४२ सामने जिंकले व ४० गमावले आणि केवळ एका विजयाच्या फरकाने त्याची बाद फेरी हुकली.

या यशामागील पद्धत थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. स्लोन यांच्या आक्रमणाचा गाभा ‘पिक अँड रोल’ हा होता. यात एक खेळाडू चेंडू असलेल्या सहकाऱ्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत आडोसा म्हणून उभा राहतो आणि प्रतिस्पर्धी अडला की स्वतः बास्केटच्या दिशेने वळून चेंडू स्वीकारतो. उरलेले खेळाडू ठरलेल्या क्रमाने बास्केटकडे धावतात. ही रचना दोन श्रेष्ठ खेळाडूंमुळे गाजली, पण ती त्यांच्यावरच अवलंबून नव्हती, हे या हंगामाने दाखवून दिले. त्या वर्षीच्या ‘सर्वोत्तम प्रशिक्षक’ पुरस्काराच्या मतदानात स्लोन ह्युबी ब्राऊन यांच्यामागे दुसरे आले. हा पुरस्कार त्यांना संपूर्ण कारकिर्दीत कधीच मिळाला नाही.

लगेचच्या हंगामात (२००४–०५) मात्र संघाला २६ विजय व ५६ पराभव अशा स्थितीला तोंड द्यावे लागले. युटातील स्लोन यांच्या कारकिर्दीत पराभवांची संख्या विजयांहून अधिक असलेला हा एकमेव हंगाम होय. कारणे स्पष्ट होती. आंद्रे किरिलेंको यांना दुखापतींमुळे निम्मेच, म्हणजे ४१ सामने खेळता आले आणि कार्लोस बूझर यांना ५१. प्रशिक्षकाची पद्धत निकामी झाली असल्याचा हा पुरावा नव्हता. संघ दुर्बळ ठरल्यामुळे २००५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या निवडप्रक्रियेत, युटाला डेरॉन विल्यम्स हे तिसऱ्या क्रमांकावर घेता आले आणि २००७ मध्ये ५१ विजय मिळवून संघ पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेत पोहोचला.

५.३ २०११ : फेब्रुवारी २००९ मध्ये लॅरी मिलर यांचे निधन झाले व संघाचा कारभार त्यांचे पुत्र ग्रेग मिलर यांच्याकडे आला. २०१० मध्ये बूझर संघ सोडून गेले. ९ फेब्रुवारी २०११ रोजी शिकागोविरुद्धचा सामना गमावल्यानंतर दुसऱ्याच दिवशी स्लोन यांनी राजीनामा दिला. त्यांचे दीर्घकालीन सहायक फिल जॉन्सन हेही त्यांच्यासह बाहेर पडले. अवघ्या काही दिवसांपूर्वी स्लोन यांच्या कराराला एका वर्षाची मुदतवाढ मिळाली होती. संघाची स्थिती ३१ विजय व २३ पराभव, म्हणजे समाधानकारक होती.

राजीनाम्याच्या कारणांविषयी दोन कथने आहेत. आपली ऊर्जा कमी झाली आहे, असे स्वतः स्लोन यांनी सांगितले. विल्यम्स यांच्याशी झालेल्या मतभेदांची परिणती राजीनाम्यात झाली, असे वृत्तपत्रांनी लिहिले. आपण त्यांना जाण्यास भाग पाडल्याचे विल्यम्स यांनी नाकारले. ही कथने परस्परांना छेद देतातच असे नाही. एकाच वादाला वीस वर्षे तोंड देणारा माणूस एके दिवशी तो वाद घालण्याची इच्छा गमावतो, हे दोन्ही कथनांशी सुसंगत आहे. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, बदलाचा खरा प्रश्न २६–५६ च्या हंगामात उपस्थित झाला नव्हता. तो ३१–२३ अशी स्थिती असताना झाला. प्रशिक्षक आणि त्याची पद्धत ज्यांनी मैदानावर उतरवावयाची ते खेळाडू यांच्यातील विश्वासाचा तो प्रश्न होता, आणि गुणतक्त्यात त्याची नोंद होत नाही.

पुढील घटनाही बोलक्या आहेत. नवे प्रशिक्षक टायरोन कॉर्बिन यांच्या मार्गदर्शनाखाली उर्वरित २८ सामन्यांत ८ विजय मिळाले. राजीनाम्यानंतर दोन आठवड्यांच्या आत विल्यम्स यांनाही न्यू जर्सी नेट्सकडे पाठवण्यात आले. २०१३–१४ मध्ये संघाने ५७ सामने गमावले. बदलाची वेळ आली होती असे मानले तरी, बदलाची पूर्वतयारी झाली नसल्याने संस्थेने प्रशिक्षक व प्रमुख खेळाडू दोन्ही गमावले.

६. ‘बदल केला असता तर’ : तुलना

प्रशिक्षक बदलावा की नाही, या प्रश्नात न घडलेल्या इतिहासाविषयीचे एक विधान नेहमीच दडलेले असते. इ. एच. कार यांनी ‘व्हॉट इज हिस्टरी?’ (१९६१) या ग्रंथात अशा जर-तरच्या विचारावर टीका केली आहे. तथापि निर्णय घेणाऱ्यास हा विचार टाळता येत नाही. तुलनेच्या साहाय्याने तो नियंत्रित मात्र करता येतो.

टोरांटो रॅप्टर्सचे उदाहरण बदलाच्या बाजूने नेहमी दिले जाते. २०११ पासून प्रशिक्षक असलेल्या ड्वेन केसी यांच्या संघाने २०१७–१८ मध्ये ५९ सामने जिंकले. परंतु बाद फेरीत क्लीव्हलँडकडून ०–४ असा पराभव होताच मे २०१८ मध्ये त्यांना दूर करण्यात आले. पुढच्याच महिन्यात त्यांना ‘सर्वोत्तम प्रशिक्षक’ पुरस्कार मिळाला. निक नर्स यांच्या मार्गदर्शनाखाली टोरांटोने २०१९ चे विजेतेपद पटकावले. मात्र त्या एका उन्हाळ्यात तीन गोष्टी बदलल्या होत्या. प्रशिक्षक बदलला, कवाय लेनर्ड संघात आले, आणि सलग तीन वर्षे टोरांटोला बाद फेरीत हरवणाऱ्या क्लीव्हलँडचे लेब्रॉन जेम्स पूर्व विभाग सोडून लॉस एंजलिसला गेले. नियमित हंगामातील विजय ५९ वरून ५८ झाले. अशा स्थितीत विजेतेपदाचे श्रेय केवळ प्रशिक्षकबदलाला देणे तर्कदृष्ट्या सदोष ठरते.

याउलट उदाहरण सॅन अँटोनियोचे आहे. ग्रेग पॉपोविच यांनी डिसेंबर १९९६ मध्ये सूत्रे घेतल्यावर त्या हंगामात १७ विजय व ४७ पराभव पत्करले. १९९९ च्या हंगामाच्या आरंभीही ६ विजय व ८ पराभव अशी स्थिती होती आणि त्यांच्या पदच्युतीची चर्चा सुरू होती. संघाने पुढील ३६ पैकी ३१ सामने जिंकून त्याच वर्षी विजेतेपद मिळवले. पॉपोविच २०२५ पर्यंत पदावर राहिले व त्यांच्या काळात संघाने पाच विजेतेपदे मिळवली. येथेही १९९७ मध्ये टिम डंकन लाभले हे विसरून चालणार नाही. तरीही, तो चौदा सामन्यांवर आधारलेला निर्णय झाला असता तर तो किती अपुऱ्या पुराव्यावर घेतलेला ठरला असता, हे उघड आहे.

७. निष्कर्ष

१. कारकिर्दीची दीर्घता हा प्रशिक्षक ठेवण्याचा किंवा काढण्याचा निकष होऊ शकत नाही. शिकागोतील अडीच हंगाम व युटातील तेवीस हंगाम यांतील फरक केवळ स्लोन यांच्या गुणवत्तेतून आलेला नाही. उपलब्ध खेळाडू व मालकाचा संयम यांचाही त्यात वाटा आहे.
२. फलिताचे मोजमाप उपलब्ध साधनांच्या तुलनेत व्हावे. या दृष्टीने बाद फेरी न गाठलेला २००३–०४ चा हंगाम स्लोन यांच्या योग्यतेचा सर्वांत बळकट पुरावा आहे.
३. पराभवाचे कारण शोधल्याशिवाय त्याची जबाबदारी निश्चित करता येत नाही. १९९५ चा पराभव भावी विजेत्याकडून, तर २००५ चा दुखापतींमुळे झाला.
४. पद्धत खेळाडूंना मान्य आहे तोवर प्रशिक्षक पदास योग्य असतो. ही मान्यता ओसरू लागली, तर विजय मिळत असतानाही बदलाचा विचार करावा लागतो.
५. बदलाची आवश्यकता आणि बदलाची तयारी हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. २०११ मध्ये युटाने दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधलेले नव्हते.

३१ जानेवारी २०१४ रोजी युटाने आपल्या सभागृहात स्लोन यांच्या सन्मानार्थ १२२३ हा अंक उंच टांगला. नियमित व बाद फेरीतील त्यांच्या विजयांची ती बेरीज होती. २२ मे २०२० रोजी स्लोन यांचे निधन झाले. सन्मान नेहमी बेरजेचा होतो आणि ते योग्यही आहे. परंतु दीर्घकाळ सेवा केलेल्या व्यक्तीविषयी निर्णय घेणाऱ्यांनी, मग ती संस्था क्रीडासंघ असो वा विद्यालय, ती बेरीज कोणत्या साधनांतून व कोणत्या सहकाऱ्यांच्या विश्वासावर झाली, हे तपासणे हेच खरे मूल्यमापन होय.