अर्धा सेकंद उशीर

आता डेबियनकडे वळू. १९९३ साली सुरू झालेल्या या लिनक्समध्ये नवं पॅकेज आधी ‘अनस्टेबल’मध्ये येतं. काही दिवस गंभीर चूक सापडली नाही, तर ‘टेस्टिंग’मध्ये जातं आणि साधारण दोन वर्षांनी त्यातूनच नवं ‘स्टेबल’ निघतं. आपण या संथपणाला हसतो, जुनाट म्हणतो.

मार्च २०२४. डेबियन अनस्टेबलवर काम करताना आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. अर्धा सेकंद! आपण चहा प्यायला उठलो असतो. माग काढत ते एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीपर्यंत पोचले. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा होता. तो घालणाऱ्याने टोपणनावाने दोन वर्षांहून जास्त काळ इमानेइतबारे काम करून विश्वास कमावला होता. अनस्टेबल आणि टेस्टिंगमध्ये तो दरवाजा पोचला, स्टेबलमध्ये नाही.

पण स्टेबल म्हणजे कवचकुंडलं नव्हेत हं. २००६ साली डेबियनच्याच ओपनएसएसएल पॅकेजमध्ये केलेल्या एका छोट्या बदलाने किल्ल्या अंदाजाने ओळखता येण्याइतक्या थोड्या उरल्या. ही चूक सगळे टप्पे पार करून स्टेबलमध्येही गेली. मे २००८ मध्ये ती जाहीर झाली, तेव्हा मधल्या काळात तिथे बनवलेल्या किल्ल्या लोकांना टाकून द्याव्या लागल्या.