‘कॅम्पातली मडम’ : तळटीप

कॅम्पातली मडम – येथे भिंगारलगतची लष्करी छावणी अभिप्रेत आहे. 1803 मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला आणि पुढे येथे गोऱ्या पलटणी राहू लागल्या.

कथेतली मडम दारू पिते, परपुरुषाच्या गळ्यात हात टाकते, तिला कुणाची आडकाठी नसते. लोकप्रिय कथा-नाटकांनी हा साचा फार वापरला. ना. बा. कानिटकरांच्या ‘तरुणीशिक्षणनाटिके’त (1886) तर शिकलेली मराठी मुलगीच साहेबी चालीने बिघडते. ‘पूरब और पश्चिम’ (1970) या चित्रपटात लंडनमध्ये वाढलेली नायिका सिगारेट ओढते, दारू पिते, आणि भारतात आल्यावर सुधारते.

छावणीतले वास्तव वेगळे होते. गोऱ्या शिपायांपैकी थोड्यांनाच लग्नाची परवानगी मिळे, म्हणून गोऱ्या बायका मोजक्याच असत. शिपायांसाठी पलटणींच्या बाजारांत देशी बायका ठेवल्या जात. 1864 च्या छावणी कायद्याने त्यांची नोंदणी आणि सक्तीची वैद्यकीय तपासणी आणली. त्या काळातली खरी मोकळीक ही, गोऱ्या शिपायांची होती, आणि तिची किंमत देशी बायकांनी मोजली. कथेत मात्र त्या कुठेच दिसत नाहीत.

नगरकरांनी जवळून पाहिलेली मडम म्हणजे सिंथिया फरार. त्या अमेरिकन, अविवाहित मिशनरी. पण गोऱ्या बाईला मडम म्हणताना देश कोण विचारतो? त्यांनी येथे मुलींच्या शाळा चालवल्या, जोतीराव फुल्यांनी त्या पाहिल्या. 1862 मध्ये फरारबाई नगरमध्येच वारल्या.