डब्याचं तोंड: एका जेरीकॅनची, त्याच्या तोटीची आणि आमच्या चुकलेल्या पाटीची हकीकत

गेल्या वर्षी आमच्या मंडळाने बेळगावातल्या घराघरांतल्या जुन्या वस्तूंचं एक छोटं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. वस्तू गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. सत्तरी ओलांडलेल्या एका काकूंनी वडिलांचा लोखंडी कॅन आणून दिला. हिरव्या रंगाचे थरावर थर, वर तीन मुठी, दोन्ही बाजूंना फुलीसारखी खोलगट घडी. वडील मराठा पलटणीत होते. "बाबांनी आफ्रिकेच्या लढाईत जर्मनांकडून जिंकून आणला वो हा," काकू म्हणाल्या. आम्ही पाटीही लिहून ठेवली: 'जर्मन कॅन, उत्तर आफ्रिका, १९४२'.

मी पेशाने मेकॅनिकल इंजिनिअर. उद्यमबागेतल्या कारखान्यांत अठ्ठावीस वर्षं काढली, इतिहास नंतर स्वतःच वाचून शिकलो. त्यामुळे वस्तू हातात आली की आधी तिचे जोड आणि आटे बघायची खोड आहे. कॅनचं टोपण फिरवलं आणि पाटीबद्दल शंका आली. तोंडाला आटे होते. जर्मन कॅनच्या तोंडाला आटे नसतात.

हा लेख त्या तोंडाबद्दल आहे. डबा किती लिटरचा, कुठल्या पत्र्याचा, हे आपण नोंदवतो. पण डब्याचा खरा पत्ता त्याच्या तोंडावर असतो. कुठली तोटी त्याला बसते आणि कुठली बसत नाही, यावरून तो कुणी, कधी आणि कशासाठी केला ते कळतं.

चार गॅलनचा डबा

सुरुवात आपल्या ओळखीच्या डब्यापासून करू. घासलेटचा चौकोनी पत्र्याचा डबा आपल्या आजीपणजीच्या घरात होताच. चार इंपीरियल गॅलन, म्हणजे साधारण १८ लिटरचा. रिकामा झाला की त्यात धान्य, पाणी, तुळस, काहीही. आज किराणा दुकानात तेलाचा पंधरा किलोचा डबा मिळतो, तो याच घराण्यातला.

ब्रिटिश फौजेने दुसऱ्या महायुद्धात वाळवंटात पेट्रोल नेलं ते बरंचसं अशाच चार गॅलनच्या पातळ डब्यांतून. सैनिक त्याला 'फ्लिम्झी' म्हणत, म्हणजे तकलादू. डबा स्वस्त होता, एकदा वापरून टाकायचा होता. पण खडबडीत रस्त्यावर ट्रकमध्ये थर रचले की खालचे डबे चेपत, सांधे उकलत आणि पेट्रोल वाळूत जाई. ऑचिनलेक यांच्या अंदाजानुसार तळापासून वापरणाऱ्यापर्यंत पोचेतो सुमारे ३० टक्के पेट्रोल वाया जात असे. (हेच ऑचिनलेक पुढे फाळणीच्या वेळी हिंदुस्थानचे सरसेनापती होते.) रिकाम्या डब्याचा मात्र सैनिकांनी छान उपयोग केला. डबा अर्धा कापायचा, वाळू भरायची, वर पेट्रोल ओतायचं आणि पेटवून चहा करायचा. या चुलीला ते 'बेनगाझी बर्नर' म्हणत.

या डब्याला स्वतःची तोटी नव्हती. ओतायचं तर नरसाळं हवं. नरसाळं हा जगातला सर्वांत जुना अडॅप्टर म्हणायला हरकत नाही: वरचं तोंड कितीही मोठं असो, खालचं कितीही लहान असो, दोघांची गाठ घालून देतो. पण पळत्या फौजेत नरसाळं हरवतं, त्यात वाळू जाते आणि ती वाळू इंजिनात जाते.

श्वेल्मचा कॅन

जर्मनांनी याचं उत्तर युद्धाआधीच शोधलं होतं. श्वेल्म गावच्या म्यूलर कारखान्यात मुख्य अभियंता विन्झेंझ ग्र्यूनफोगेल यांच्या हाताखाली १९३७ साली २० लिटरचा कॅन तयार झाला. दोस्त सैनिक जर्मनांना 'जेरी' म्हणत, म्हणून पुढे त्याचं नाव जेरीकॅन पडलं.

इंजिनिअरच्या नजरेने बघितलं तर यातली एकही गोष्ट शोभेची नाही. पत्र्याचे दोन अर्धे दाबून केलेले आणि मधला जोड खोबणीत घेऊन वेल्ड केलेला, म्हणजे आपटलं तरी जोडावर मार बसत नाही. आतून रंगाचा लेप, गंज धरू नये म्हणून. तीन मुठी अशासाठी, की रिकामे असतील तर एका हातात दोन धरता येतात, भरलेला जड कॅन दोघांना मिळून उचलता येतो आणि रांगेत हातोहात पुढे देता येतो. वर हवेची जागा राखलेली, त्यामुळे भरलेला कॅनसुद्धा पाण्यावर तरंगतो.

पण माझ्या मते खरी करामत तोंडात आहे. तोंड हीच आखूड तोटी, वर खटक्याने बंद होणारं झाकण. हत्यार लागत नाही, झाकण हरवत नाही. आणि आत एक बारीक नळी, तोंडापासून हवेच्या जागेपर्यंत. बाटली उपडी केली की पाणी 'डब डब' करत पडतं, कारण आत जाणारी हवा आणि बाहेर येणारं पाणी एकाच वाटेवर भांडतात. हवेला वेगळी वाट दिली की धार एकसारखी पडते. कारखान्यातल्या २०० लिटरच्या ड्रमला दोन भोकं असतात, एक दोन इंची आणि एक पाऊण इंची, तेही याचसाठी.

हा कॅन अमेरिकेला कळला त्याचा रस्ता हिंदुस्थानातून गेला, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पॉल प्लाइस नावाचे अमेरिकन इंजिनिअर बर्लिनमध्ये काम करत. १९३९ मध्ये ते एका जर्मन सहकाऱ्याबरोबर मोटारीने हिंदुस्थानकडे निघाले. वाटेत पाणी ठेवायला त्या सहकाऱ्याने टेंपलहोफ विमानतळावरच्या साठ्यातले तीन कॅन उचलले. पुढे त्या जर्मनाला परत बोलावून घेण्यात आलं. पण तोवर त्याने कॅनची सगळी मापं प्लाइसना दिली होती. प्लाइस एकटेच कलकत्त्याला पोचले, गाडी तिथे ठेवली आणि ती माहिती घेऊन मायदेशी गेले.

नक्कल आणि तिचं तोंड

ब्रिटिशांनी जर्मन कॅनची जवळजवळ हुबेहूब नक्कल केली. म्हणून जर्मन तोटी ब्रिटिश कॅनला बसते. अमेरिकनांनी आकार, माप आणि मुठी ठेवल्या, पण उत्पादन सोपं व्हावं म्हणून बाकीचं बदललं. खोबणीतल्या वेल्डऐवजी पत्रा दुमडून केलेला जोड, आतला लेप नाही आणि खटक्याऐवजी आट्यांचं टोपण. परिणाम काय? उघडायला पाना आणि ओतायला नरसाळं किंवा आट्यांची वेगळी तोटी. म्हणजे ज्या दोन कटकटी जर्मन इंजिनिअरने घालवल्या, त्या परत आल्या.

यात अमेरिकनांना हसायचं कारण नाही. युद्ध संपेपर्यंत युरोपात असे कॅन कोट्यवधींच्या घरात होते. त्या संख्येला सोपं उत्पादनच लागतं. पण दोन तऱ्हेची तोंडं एकाच युद्धात शेजारी शेजारी उभी राहिली आणि एकाची तोटी दुसऱ्याला बसेना. तेव्हापासून अडॅप्टर नावाच्या धंद्याला मरण नाही. अमेरिकेत २००९ पासून सुट्या इंधनाच्या डब्यांना वाफ आणि सांडणं रोखणारे नियम आले, नव्या तोट्या आल्या आणि जुन्या डब्यांना त्या बसवण्यासाठी पुन्हा नवे अडॅप्टर आले.

काकूंच्या कॅनकडे परत

तर काकूंच्या कॅनला आटे होते आणि जोड दुमडलेला होता. म्हणजे कॅन अमेरिकन घडणीचा. मग आफ्रिकेत जिंकल्याचं काय?

मी त्यांच्याकडे वडिलांचे कागद मागितले. डिस्चार्जच्या कागदावर उत्तर होतं. वडील फिफ्थ मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या बटालियनमध्ये होते. ही बटालियन अकराव्या हिंदी ब्रिगेडमध्ये टोब्रुकला होती. २० जून १९४२ ला रोमेलचा हल्ला आग्नेय बाजूने आला, तो नेमका या मराठ्यांच्या आघाडीवर. दुसऱ्या दिवशी टोब्रुक पडलं. हजारो सैनिक कैद झाले आणि इंधनाचा मोठा साठा जर्मनांच्या हाती गेला. काकूंचे वडील १९४५ पर्यंत युद्धकैदी होते. कैदी माणूस जिंकलेला कॅन घेऊन घरी येत नाही.

हे त्यांना कसं सांगायचं, याचा मी आठवडाभर विचार केला. पाटी तशीच राहू द्यावी, कुणाचं काय बिघडतं, असं मंडळातल्या एकदोघांचं म्हणणं पडलं. मला ते पटेना. शेवटी गेलो आणि सांगितलं. काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बाबा कैदेत होते ते आईला ठाऊक होतं. आम्हा पोरांना कधी बोलले न्हाईत. कॅनबद्दल आम्ही विचारलं की नुसते हसायचे. जिंकून आणला हे आमचं आम्हीच धरलं असणार."

युद्धानंतर फौजेचा शिलकी माल देशभर विकला गेला. 'डिस्पोजलचा माल' हा शब्द जुन्या लोकांच्या तोंडी अजून आहे. हा कॅन बहुधा त्याच वाटेने घरात आला.

पण खरी ठेव मला त्या दिवशी मिळाली. काकूंनी माळ्यावरून एक पिशवी काढली. त्यात कॅनचं दुसरं टोपण होतं. टोपणाला मधोमध भोक पाडून पितळी नळी बसवलेली, डाक लावून पक्की केलेली. तिच्या शेजारी काडीएवढी तांब्याची नळी, आतल्या बाजूला लांब गेलेली. नळीला लाकडी बूच. "याने बाबा कंदिलात आणि स्टोव्हात घासलेट भरायचे. एक थेंब सांडायचा न्हाई."

मी ती वस्तू टेबलावर ठेवून बघत बसलो. लेथ नसलेल्या माणसाने आट्यांचा प्रश्न कसा सोडवला बघा: नवे आटे पाडलेच नाहीत, टोपणाचेच आटे वापरले. डाक लावताना विस्तव कॅनजवळ न्यावा लागला नाही, कारण काम सुट्या टोपणावर झालं. रिकाम्या कॅनमधली वाफ किती घातकी असते हे ज्याला माहीत आहे, त्याचंच हे डोकं. आणि ती तांब्याची नळी म्हणजे हवेची वाट, जर्मन कॅनच्या आत असते तीच. टोब्रुकला किंवा कैदेत त्यांनी जर्मन कॅन ओतताना पाहिला असेल का? मला तसं वाटतं. पण पाटीवर मी तसं लिहिलेलं नाही.

नवी पाटी अशी आहे: 'अमेरिकन घडणीचा कॅन. मालक मराठा पलटणीतले सैनिक, १९४२ ते १९४५ युद्धकैदी. घासलेट ओतण्याची तोटी त्यांनी वापरलेली, हातकामाची.' प्रदर्शनाच्या दिवशी काकू नातवंडांना घेऊन आल्या आणि त्यांनी ती पाटी मोठ्याने वाचून दाखवली. धाकट्या नातवाने विचारलं, कैदी म्हणजे काय. त्या तिथेच खुर्ची ओढून बसल्या आणि सांगू लागल्या.

वाचकांना एकच विनंती. माळ्यावर असा कॅन असेल तर रंग खरवडू नका, आधी टोपण उघडून तोंड बघा. आणि टोपणाबरोबर काही पितळी तुकडा पडला असेल तर तो भंगारात घालू नका.